काळी थुंकी

अहो, केवढी ती गर्दी! तिसगावच्या बाजारालाही जमत नसतील एवढी माणसं लंकाबाईच्या अंगणात जमली होती. लढाई चालू, रॉकेल मिळेना, धान्य मोजून. पण चमत्काराला कुठला आलाय तुटवडा! हुंकारबाबा घोंगडीवर बसून घडोघडी "हुं!" करत होते आणि माणसं माना डोलवत होती.

कारण लंकाबाईचा मुलगा गोरक्ष. चांद्याकडच्या कोळशाच्या खाणीतून तो सुट्टीवर आला, खोकला आणि काळंकुट्ट थुंकला. "माझ्या लेकराला करनी केली!" लंकाबाईनं ऊर बडवला. करणी करणार कोण? सून! नवरा परमुलखात, बाई एकटी, वर हसरी. आणखी काय पुरावा हवा?

सून मालनबाई तीर्थानं भरलेल्या परातीसमोर बसली होती. करणी निघाली तर तिला आजच माहेरी धाडायचं आणि तान्ही लेक इथंच ठेवून घ्यायची, असं ठरलं होतं.

"हाताला अंगारा लावायचा, हात तीर्थात बुडवायचा. पापी हातानं तीर्थ काळं पडतं. हुं!"

आधी लंकाबाईनं समोरच्या धुनीतला अंगारा लावून हात बुडवला. पाणी होतं तसंच. शेजारणीनं बुडवला. तसंच. मग बाबांनी कमरेची पुरचुंडी सोडून मालनच्या तळव्याला अंगारा चोळला. तिनं हात बुडवला मात्र, परातभर काळं पाणी!

"बगा! पोटातलं काळं भायेर आलं!" बाबा गरजले.

लंकाबाईनं नात ओढून घेतली. "आवो, म्या काय बी केलं न्हाई!" मालन रडत म्हणाली. गोरक्ष मान खाली घालून नुसता खोकत राहिला.

तेवढ्यात मिशनच्या शाळेतल्या कृपाबाई पुढं आल्या. लोट्यात उरलेलं तीर्थ त्यांनी चाखलं. तुरट लागलं. ते थाळीत ओतून त्यांनी बाबांची पुरचुंडी उचलली. "लंकाबाई, हात आणा पाहू." त्यांनी तिच्या तळव्याला तोच अंगारा चोळला. हात थाळीत गेला आणि पाणी काळं झालं.

"अगं बया!"

"आता सासूनंही करणी केली म्हणायची का, बाबा?"

बाबा घोंगडीवरून हळूच उठू लागले.

कृपाबाई म्हणाल्या, "लढाईमुळं शाई मिळत नाही, म्हणून शाळेत मीच करते. हिरड्याचं पाणी आणि हिराकस. यांच्या तीर्थात हिरडा, पुरचुंडीतल्या अंगाऱ्यात हिराकस. झाली शाई! पहिल्या दोघींना नुसती राख लावली होती."

"आन माझ्या पोराची काळी थुकी?" लंकाबाईनं विचारलं.

"गोरक्ष, खाणीत आणखी कोण काळं थुंकतं?"

"समदेच, बाई. कोळशाची धूळ जाती छातीत."

"मग समद्यांच्या बायका करणी करतात?"

अंगण खदाखदा हसलं. बाबा घोंगडी तिथंच टाकून पसार झाले.

"याला नगरला डाक्टरांकडं न्या," कृपाबाईंनी बजावलं. "आणि बाईला घराबाहेर काढण्याआधी हे असं का झालं, एवढं तरी विचारत जा. विचारायला काय जातं?"

लोक पांगले. मालननं लेक उराशी घेतली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"बाबा लबाड, सासूबाई भोळ्या. पन तुमाला तर समदं ठावं हुतं. तुमी का न्हाई बोलला? तुमाला बी संशय हुता व्हय?"

गोरक्षला पुन्हा खोकला आला. या खेपेचा खोकला खोटा होता, हे मालनला कळलं.