पाळण्यापुरती रुंदी

आमच्या तालमीचा संघ हरला की आमचे घर वीतभर अरुंद होते आणि जिंकला की छत हातभर वर जाते. सामना बरोबरीत सुटला तर काही होत नाही; भिंतींच्या आत कुठेतरी कुरकुर ऐकू येते, एवढेच. चिंचवेस गल्लीतील सगळ्याच घरांचे असे आहे. गल्ली तालमीच्या दारापाशी सुरू होते आणि आमच्या घरापाशी संपते, त्यामुळे जे काही घडते ते आमच्याकडे सर्वांत शेवटी पोहोचते आणि सर्वांत जास्त घडते.

भिंती सरकताना आवाज होत नाही. थंडीत फुटबॉलचा हंगाम सुरू झाला आणि पहिलाच सामना आम्ही हरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले तेव्हा कपाट पलंगाला टेकलेले होते. माझी बायको कुंदा पलंगाच्या कडेवर बसून कपाटाच्या अर्धवट उघडणाऱ्या दारातून हाताला लागेल ती साडी ओढून काढत होती.

"गोल कसा बसला?" तिने विचारले.

"डावीकडनं. आपला गोलरक्षक उन्हाकडं बघत होता."

"मग ढाल उन्हालाच द्या म्हणावं," ती म्हणाली आणि साडी झटकायला बाहेर गेली, कारण आत झटकण्याइतकी जागा उरलेली नव्हती.

तिला दिवस गेले होते. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, पण कुंदाचे माहेर दगडी कमान पेठेत आहे आणि दगडी कमानीचा संघ हा आमचा सर्वांत जुना प्रतिस्पर्धी. हंगाम संपेपर्यंत त्या पेठेतील लेकींनी माहेरची पायरी चढायची नाही, असा आमच्याकडे नेम आहे. त्यांच्याकडेही तोच नेम आहे. आमच्या लग्नात दोन्ही तालमींच्या वस्तादांनी तो मंगलाष्टकांनंतर मोठ्याने सांगितला होता आणि वऱ्हाडाने माना डोलावल्या होत्या. म्हणून तिच्या वडिलांनी, आबांनी, सागवानी पाळणा हातगाडीवर घालून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आणला, खाली उतरवला आणि ते तिथूनच मागे फिरले. पाळणा ऐसपैस होता. आबांना जुळ्यांची आशा असावी.

आमच्या आतल्या खोलीत तुळईला एक लोखंडी कडी आहे. पाळणा तिलाच टांगायचा होता.

पुढचे काही सामने आम्ही जिंकलो. छत वर गेले, त्याबरोबर तुळई वर गेली, तुळईबरोबर कडीही गेली. स्टुलावर चढून हात पोहोचेना, तेव्हा मी तालमीतून शिडी आणली. शिडीही पुरेना, तेव्हा मी ती परत नेऊन दिली. मग पुन्हा पराभव सुरू झाले. कपाट आम्ही तालमीला देऊन टाकले. वस्ताद हिंदूराव त्यात आता जिंकलेल्या ढाली ठेवतात. पलंगही गेला. आम्ही जमिनीवर एकामागे एक झोपू लागलो, तिची पावले माझ्या डोक्याशी. माघ सरताना खोली एखाद्या विहिरीसारखी झाली होती, कोरडी आणि उभी. दुपारी वरच्या उंचीत पांढरा ढग जमायचा आणि पंचगंगेकडून वारा सुटला की निघून जायचा. कडी दिसत नव्हती. ती आहे, एवढे आम्हाला माहीत होते.

घरे अरुंद झाली तशी गल्लीही आखूड झाली. पूर्वी आमच्या दारापासून तालमीपर्यंत एक विडी ओढून व्हायची. आता काडी विझण्याआधीच तालमीचे दार यायचे. कोणी तक्रार करीत नसे. लोक एकमेकांना इतकेच विचारीत, "रविवारी कुणाबरोबर हाय?"

शेजारच्या शामाक्का भिंतीपलीकडून बोलत. त्यांचे घरही आमच्याएवढेच राहिले होते. त्या एकट्या असल्यामुळे त्यांना ते चालत होते.

"जयवंता," त्या मला म्हणायच्या, "पोरीला माझ्याकडं पाठव झोपायला."

"तुमच्याकडं तरी कुठं जागा हाय, आक्का?"

"मी उभी ऱ्हाते की. आयुष्यभर सामन्याला गॅलरीत उभीच हाय."

उपांत्य सामना आम्ही जिंकलो. त्याच्या आधीच्या सगळ्या पराभवांचा हिशेब मात्र भिंतींनी पूर्ण करून ठेवला होता. आतल्या खोलीत आता फक्त पाळणा होता. त्याची एक बाजू एका भिंतीला आणि दुसरी बाजू दुसऱ्या भिंतीला टेकली होती. त्यावर हात ठेवला की सागवानात बारीक थरथर जाणवे. आणखी एक वीत गेली तर तो मोडणार, हे उघड होते. अंतिम सामना दगडी कमानीशी होता आणि अंतिम सामना बरोबरीत सोडत नाहीत.

"हरलो तर खोली मिटंल," मी कुंदाला म्हणालो. "जिंकलो तर कडी आणखी वर जाईल. आपलं कशात भलं हाय, तेच कळंना."

ती पाळण्याच्या कठड्यावर हात टेकून उभी होती. तिचे दिवस भरले होते.

"जिंका," ती म्हणाली. "दोर लांब करता येतो. भिंतीला काय करणार?"

अंतिम सामन्याच्या दिवशी ती माझ्याबरोबर निघाली. तिला घरात एकटी ठेवणे शक्य नव्हते. दारातून ती अंग आक्रसून कशीबशी बाहेर आली. उंबऱ्याबाहेर आल्यावर तिने मागे पाहिले, मीही पाहिले. ती आता त्या दारातून आत जाऊ शकणार नव्हती. मी कुलूप लावले.

मैदानावर आमची गल्ली घरांच्या क्रमाने बसते. गॅलरीच्या मध्यावर तालमीचे मोरपंखी निशाण; त्याच्याशेजारी वस्ताद हिंदूराव, मग पहिले घर, मग दुसरे, आणि सर्वांत शेवटी शामाक्का आणि मी. क्रम मोडून कोणी बसत नाही. सासरी गेलेली मुलगी सामन्याला आली तरी आपल्या घराच्या जागी बसते. जो मेला त्याची जागा त्याचा मुलगा घेतो. आमच्या पलीकडे थोडी मोकळी पायरी आणि त्यापलीकडे दगडी कमान पेठ, तीही आपल्या घरांच्या क्रमाने.

आम्ही पोहोचलो तेव्हा सगळे बसलेले होते. खांद्याला खांदा, गुडघ्याला गुडघा. शामाक्कांच्या बाजूला, रांगेच्या टोकाला, माझ्यापुरतीच जागा होती. मी तिथे बसलो. कुंदा उभी राहिली.

"जागा न्हाई," मी म्हणालो.

ती आमच्या पलीकडे पाहत होती. मीही पाहिले. आम्ही आणि दगडी कमान यांच्यामधली मोकळी पायरी मला नेहमी हातभर वाटायची. आता तिच्यावर एक लग्न लागले असते. दगडी कमानीचे लोकही पार पलीकडे, एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे दाटून बसले होते.

"हे मोकळं कुणासाठी ठिवलंय?" कुंदाने विचारले.

तिने वस्तादांना हाक मारली.

"वस्ताद, हे कुणासाठी?"

हिंदूरावांनी मान वळवली. त्यांना मान वळवायलाही फारशी जागा नव्हती. "कुणासाठी न्हाई, पोरी. हरल्यावर थोडं जवळ सरकून बसायचं असतंय. आवाज एक ऱ्हातो."

"आणि जिंकल्यावर?"

"जिंकल्यावर सगळे उभे ऱ्हात्यात."

"आणि मग?"

"मग परत तिथंच बसत्यात."

कुंदा हसली. तिने पदर खोचला आणि ती चालत त्या मोकळ्या पायरीच्या मध्यावर जाऊन बसली. पाय पसरून, मागे दोन्ही हात टेकून. आमच्या मोजणीत तिथे कोणाचेही घर नव्हते.

"जयवंता," हिंदूराव हळू आवाजात म्हणाले, "बायकूला बोलाव."

मैदानात सामना सुरू झाला होता आणि कोणी तो पाहत नव्हते. मी उठलो. माझ्या बाजूच्या शामाक्का माझ्या खांद्याच्या आकारात तशाच थांबल्या. मी कुंदाला बोलावले नाही. मी जाऊन तिच्या शेजारी बसलो, मध्ये एक हाताचे अंतर ठेवून. मागून शामाक्कांचा आवाज आला.

"वस्ताद, माझं गुडघं आखडल्यात. मी बी सरकते."

"आक्का, क्रम मोडतोय!"

"मोडत न्हाई, मर्दा. लांबतोय."

त्या आल्या आणि माझ्यापासून हातभर अंतरावर बसल्या. त्यांच्यामागून त्यांच्या शेजारचे घर आले, मग त्याच्या शेजारचे. गल्ली उलगडत आमच्याकडे येऊ लागली. माणसे बसल्यावर आधी कोपर बाहेर काढून पाहत, मग श्वास घेत. शेवटी निशाणाशेजारी फक्त हिंदूराव राहिले. मग त्यांनी बूड उचलून वीतभर सरकून घेतले आणि कोणी पाहिले का, म्हणून इकडेतिकडे नजर टाकली.

पलीकडून आबांची हाक आली. ते दगडी कमानीच्या शेवटच्या घरात राहतात, म्हणून त्यांच्या रांगेत कडेला होते.

"कुंदे! पाळणा बसतोय का गं खोलीत?"

"बसतोय, आबा! त्योच भिंती धरून हाय!"

आबांनी मान हलवली. हंगाम अजून संपलेला नव्हता, त्यामुळे ते यापेक्षा जास्त बोलू शकत नव्हते. पण ते आमच्या दिशेने सरकले. त्यांच्यामागे त्यांची पेठ सरकली.

मध्यंतराला एकेक गोल झालेला होता. उत्तरार्धात कुंदाने माझे मनगट धरले आणि सोडले नाही. शामाक्कांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"ऊठ," त्या मला म्हणाल्या. "तू आता फक्त बघ. त्यासाठीच आलायस न्हवं?"

आमच्या बायका उठून आल्या. पलीकडून दगडी कमानीच्या बायका आल्या. पायरीच्या मध्यावर, मोठ्या माजघराएवढी चौकोनी जागा सगळ्यांनी मोकळी केली आणि तिच्याभोवती निशाणे आडवी धरली. आमची मोरपंखी आणि त्यांची शेंदरी. जागा आणखी लागली तशी माणसे आणखी सरकली. गॅलरी संपत नव्हती. जितके सरकावे तितकी पायरी पुढे होती. दूरच्या टोकाला बसलेली माणसे ठिपक्यांएवढी झाली होती आणि तिथून त्यांच्या टाळ्या उशिरा ऐकू येत होत्या.

निशाणांच्या बाहेर मी आणि आबा शेजारी शेजारी उभे होतो. आम्ही एकमेकांकडे न पाहता मैदानाकडे पाहत होतो.

"तुमचा उजवा बॅक चांगला हाय," आबा म्हणाले.

"तुमचाबी गोलरक्षक."

"त्याचं काय सांगू नका. त्याला डावीकडचं दिसत न्हाई." ते थांबले. "हे मी तुम्हाला सांगायला नको होतं."

वेळ पुरी झाली होती. पंच मध्यरेषेवर उभे राहून पुन्हा पुन्हा शिट्टी फुंकत होते. त्यांचे गाल फुगत होते आणि आवाज येत नव्हता. त्यामुळे खेळ चालूच राहिला. ऊन कलले आणि तसेच थांबले. खेळाडूंच्या सावल्या त्यांच्याहून लांब झाल्या आणि काही वेळाने सावल्याच आधी वळू लागल्या. मग आमचा धैर्यशील चेंडू घेऊन निघाला. त्याने एकाला चकवले, दुसऱ्याला चकवले आणि त्यांच्या गोलरक्षकाच्या डाव्या बाजूला चेंडू ढकलला. फार जोरात नाही. चेंडू गवतावरून सरपटत गोलाकडे जाऊ लागला.

त्याच वेळी निशाणांच्या आतून रडण्याचा आवाज आला. बारीक, लांब, शिट्टीसारखा एकाच सुरात ओढलेला.

पंचांनी शिट्टी तोंडातून काढली आणि त्या शिट्टीकडे पाहिले. मैदानातील बावीसही जण जागच्या जागी थांबले. धैर्यशील एका पायावर थांबला. गोलरक्षक झेपावताना हवेतच थांबला. दोन्ही पेठा उठून उभ्या राहिल्या, आणि त्यांचे हात वर जाता जाता थांबले.

चेंडू थांबला नाही.