तोंडावरची चादर

निवडणुकीला उभं राहू पाहणाऱ्या हितेशभाऊंची रुग्णवाहिका फुकट होती, पण तिचंही भाडं होतं. पेशंट दवाखान्याच्या दारात उतरला की गाडीवरचं भाऊंचं नाव दिसेल असा स्ट्रेचरसकट फोटो काढायचा आणि भाऊंच्या माणसाला पाठवायचा. मग तो फोटो कात्रप भागातल्या एकूणएक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरे. निवडणूक जवळ आली की बदलापुरात माणसाला सुखाने आजारीही पडता येत नाही.

गाडी चालवणारा महेश या फोटोंना विटला होता. नुकतंच त्याचं प्रशिक्षण झालं होतं आणि तिथली एक गोष्ट त्याने फारच मनावर घेतली होती: पेशंटची ओळख बाहेर जाता कामा नये. भाऊंना सांगून पाहिलं, तर ते म्हणाले, "मग आपण सेवा केली हे पब्लिकला कळणार कसं?" महेशकडे दुसरी नोकरी नव्हती, म्हणून तो फोटो काढत राहिला.

त्या दिवशी सकाळी कौसाबाईंचा फोन आला. त्यांची मुलगी सुषमा स्वयंपाकघरात फिट येऊन पडली होती. सुषमाचा साखरपुडा रविवारी, मुलगा मोरिवलीचा, आणि फिटचं मुलाकडच्यांना सांगितलेलं नव्हतं. गाडीत सुषमाने डोळे उघडले, तशी कौसाबाईंनी महेशला गळ घातली, "दादा, ह्या बाहेर गेला तं पोरीचा लगीन मोडंल. तुला आईची आण हाय."

"मावशी, माझ्या तोंडून चकार शब्द निघणार नाही," महेश म्हणाला.

दवाखान्याच्या दारात कौसाबाई केसपेपर काढायला आत गेल्या. महेशने तेवढ्यात युक्ती केली. सुषमाला जरा वेळ पडून राहायला सांगून पांढरी चादर तिच्या तोंडावरून ओढली, कडेने नीट खोचली आणि फोटो पाठवून दिला. नाव नाही, चेहरा नाही. भाऊही खूश, मावशीही खूश. दिवसभर त्याला स्वतःचं मोठं कौतुक वाटत राहिलं.

पण सकाळी सुषमाला त्या गाडीत चढवताना अख्ख्या बिल्डिंगने पाहिलं होतं. दुपारी त्याच गाडीपुढे डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला देह ग्रुपवर आला. बाकीचं कुणी सांगायची गरज पडली नाही. पहिली 'भावपूर्ण श्रद्धांजली' भाऊंच्याच माणसाने टाकली, खाली हात जोडलेल्या भाऊंसकट. कौसाबाई घाईत दार उघडं आणि फोन घरातच टाकून निघाल्या होत्या, त्यामुळे खरंखोटं विचारणार कुणाला, आणि बातमी मोरिवलीलाही पोचली.

संध्याकाळी महेश मायलेकींना घरी घेऊन आला, तर जिन्याखाली तिरडीचे बांबू येऊन पडलेले. वर दारात चपलांचा ढीग, आणि आत होणाऱ्या सासूबाई, शीलाताई, रडत होत्या. त्यांचा आवाज जिन्यात स्पष्ट ऐकू येत होता. "अशी गुणाची पोर दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही. सून कसली, माझी लेकच गेली."

सुषमा दारात उभी राहिली. शीलाताई धावल्या, तिला पोटाशी धरून ढसाढसा रडल्या. महेशच्या जिवात जीव आला.

"पण झालं काय होतं गं?" शीलाताईंनी विचारलं.

सगळे महेशकडे वळले. दिलेला शब्द त्याने पाळला. "पेशंटची माहिती देता येत नाही, मावशी."

खोलीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, उंदराचं औषध घेतलं असणार. कुणी म्हणालं, लग्न मनाविरुद्ध असेल, दुसरीकडे कुठे जमलं असेल. सुषमा ऐकत होती. महेशला वाटलं, आता आपण बोलावं. पण काय बोललं तर कमी वाईट होईल ते त्याला सुचेना.

"फिट येते मला," सुषमाच म्हणाली. "लहानपणापासून. गोळ्या चालू आहेत."

शीलाताईंचा हात तिच्या पाठीवरून हळूच खाली आला. "वाचलीस, देवाची कृपा," त्या म्हणाल्या. पदर सारखा केला, पिशवी उचलली. "रविवारचं आम्ही कळवतो." त्यांच्यामागून मोरिवलीची सगळी माणसं चपला शोधत खाली उतरली.

महेशला सुषमाकडे बघवेना. ती मात्र भिंतीला टेकून शांतपणे खाली बसली.

"आई," ती म्हणाली, "मी मेले होते तोवर त्यांची लेक होते ना गं?"