मला नापास करणाऱ्या कमलाक्का

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी मतपेटी आहे. सध्या माझा मुक्काम बंगळुरातल्या एका सरकारी गोदामात असला, तरी माझा जन्म चामराजपेटेतला. तिथे संताजीरावांचा छोटा कारखाना होता. ट्रंका आणि बादल्या बनवायचे. १९५१ साली देशातली पहिली मोठी निवडणूक जवळ आली, तेव्हा संताजीरावांनी नमुना म्हणून मला घडवलं. नमुना मंजूर झाला तर भरपूर काम मिळणार होतं. नाही झाला तर कामगारांना घरी बसवावं लागणार होतं. मल्लाप्पा मिस्त्रींनी माझ्या कडा इतक्या मायेने घासल्या, की मला स्वतःचा गर्वच वाटू लागला.

मग सरकारी परीक्षक आले. विद्याधर त्यांचं नाव, मूळचे पुण्याचे. त्यांनी माझ्या फटीतून घडी केलेला कागद आत टाकला आणि झाकणाला लाखेचं सील लावलं. मला उलटं करून हलवलं, टेबलावरून खाली टाकलं, माझ्या अंगावर पाणी ओतलं. मी हूं की चूं केलं नाही. परीक्षक खूश झाले आणि त्यांनी मंजुरीचा शिक्का उचलला.

तेवढ्यात संताजीरावांच्या पत्नी, कमलाक्का, कॉफी घेऊन आल्या.

"स्वल्प, जरा थांबा, अण्णा," त्या म्हणाल्या. अंबाड्यातला आकडा काढून त्यांनी माझ्या फटीत घातला, मला जरा तिरकं केलं आणि कागद अलगद बाहेर ओढला. सील जसंच्या तसं!

संताजीरावांचा चेहरा पडला.

"अगं, तू कुणाच्या बाजूची?"

"माझ्या मताच्या!" कमलाक्का म्हणाल्या. "जन्मात पहिल्यांदा मत द्यायचंय मला. ते असं कुणी ओढून नेलं तर?"

"पण वहिनी, हे तुम्हाला सुचलं कसं?" परीक्षकांनी विचारलं.

"लहानपणी मातीच्या गल्ल्यातून पैसे असेच काढायची मी."

परीक्षक खो खो हसले, पण शिक्का त्यांनी पिशवीत ठेवून दिला. मी नापास झाले! त्या संध्याकाळी संताजीराव माझ्याशेजारी स्टुलावर नुसते बसून राहिले. बायकोचा राग आला होता, आणि ती खरं बोलली हेही त्यांना कळत होतं. शेवटी ते उठले आणि म्हणाले, "मल्लाप्पा, पत्रा आणा."

दोघांनी फटीच्या आत एक हलती पट्टी बसवली. पहिली इतकी घट्ट, की कागद आतच जाईना. दुसरी कागद फाडू लागली. तिसरी मात्र छान जमली. कागद आत पडला की पट्टी आपोआप मिटायची.

परीक्षक पुन्हा आले. या वेळी त्यांनी मला आधी कमलाक्कांच्याच हाती दिलं. कमलाक्कांनी आकडा घातला, फिरवला, ओढला. आकडा वाकला, कागद काही आला नाही.

"सरी, आता बरोबर!" त्या हसून म्हणाल्या. "आता लावा शिक्का."

संताजीरावांनी त्या दिवशी साऱ्या कारखान्याला म्हैसूरपाक वाटला. माझ्यासारख्या कितीतरी बहिणी मग तिथे जन्मल्या.

निवडणुकीत माझी रवानगी आनेकलजवळच्या एका गावातल्या शाळेत झाली. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, वर त्याचं चिन्ह लावलेलं. मथुराक्का नावाच्या आजी आल्या, त्यांनी मला हात जोडले आणि हळूच विचारलं, "कुणाला सांगणार नाहीस ना गं?" मी नाही सांगितलं. माझ्यावर ज्याचं चिन्ह होतं तो उमेदवार सपाटून पडला, पण माझ्या पोटातलं एकही मत इकडचं तिकडे झालं नाही. त्याचा मला फार अभिमान वाटला.

मतमोजणी झाली की मात्र मला सगळे विसरत. गोदामात पाली माझ्यावर ऊन खात, पहारेकरी माझ्यावर बसून डबा खात. १९५७ साली झाडूनपुसून मला पुन्हा बाहेर काढलं. पुढे सगळ्या उमेदवारांसाठी एकच पेटी ठेवू लागले, तेव्हाही मी हजर होते. आता बहुतेक मतदान यंत्रांवर होतं, तरी कागदी मतांच्या निवडणुकीत माझी गरज पडते. बिजागरी कुरकुरते, कोपऱ्यात गंज धरलाय.

मित्रांनो, मला अधूनमधून तेल द्या, कोरडी ठेवा. दर निवडणुकीआधी मला नीट तपासा आणि कमी पडले तर खुशाल नापास करा, मी रुसणार नाही. आणि मोठे झालात की मत द्यायला नक्की या. मंजुरी मला सरकारने दिली, पण माझं पोट तुम्हीच भरायचं आहे.