भरलेल्या बाटल्या

शाळा बघायला जायचं म्हणून मोहितनं कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता, जणू अॅडमिशन त्यालाच घ्यायची होती. माझा नवरा बुटीबोरीच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. शिस्त म्हटलं की तो भाळलाच. मी नाही भाळत. मला आधी भीती वाटते, मग बाकीचं.

आणि भीतीला कारण होतं. मागच्या उन्हाळ्यात आमच्या भैरवीला लघवीचा संसर्ग झाला होता. अंग तापानं फणफणलेलं, एवढ्याशा हाताला सलाईन. "पाणी पाजत राहा, आणि लघवी अजिबात रोखू देऊ नका. पुन्हा झालं तर किडनीवर जाईल," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. भैरवी आता साडेचार वर्षांची आहे.

शाळा मात्र चकचकीत होती. गार वर्ग, भिंतभर स्क्रीन, कुठे कागदाचा कपटा नाही. एका मॅडमनी भैरवीला 'थोडा वेळ बसवून बघतो' म्हणत वर्गात नेलं. मोहित प्रिन्सिपलांसमोर माना डोलावत बसला. माझं चित्त लागेना. शाळेतलं वाईट शाळा कशाला सांगेल? म्हणून मी सुटणारी पोरं बघायला गेटवर जाऊन उभी राहिले.

एप्रिलचं ऊन भाजून काढत होतं. लहान पोरं रांगेनं बाहेर आली आणि आया दिसताच सगळ्यांनी एकदम बाटल्या तोंडाला लावल्या. गटागटा पाणी पीत सुटली. मला आधी गंमत वाटली. मग दिसलं, की मागून येणाऱ्यांच्या बाटल्या सकाळी भरून दिल्या तशाच गळ्यापर्यंत भरलेल्या होत्या.

शेजारी उभी असलेली एक आई तिच्या मुलाचं दप्तर काढून घेत होती. मी तिला विचारलं, "ताई, ह्यानं सकाळपासून पाणीच नाही पेलं का?"

"नाही पेत," ती कौतुकानं म्हणाली. "पाणी पेलं का सू लागते. अन् मॅडम मधात जाऊ देत नाहीत, सुट्टीतच जायचं. सुरुवातीले लय रडला. आता आपोआप शिकला."

"अन् तुम्ही काहीच नाही बोलल्या?"

"काहून बोलू? शिस्तीसाठीच तर टाकलं ना इथं!"

भैरवी आत होती, आणि येताना मीच तिला अख्खा ग्लासभर पाणी पाजलं होतं. मी आत धावले. मोठ्यांचे वर्ग अजून चालू होते, पण कुठल्याच दारामागून आवाज नाही. इतकी पोरं, आणि साधा खोकला नाही! मी एकेका दारातून डोकावत पुढे गेले.

शेवटच्या वर्गात, बाकीची पोरं गेली तरी, भैरवी तोंडावर बोट ठेवून बसली होती. घरात पंख्यासारखी फिरणारी माझी पोर.

"खूप समजूतदार आहे हो," मॅडम म्हणाल्या. "जागची हललीसुद्धा नाही."

तेवढ्यात मोहितही तिथं आला. तो फुलून गेला. "पाहून राहिली ना? घरी पाच मिनिटं बसत नाही. मी आताच पक्कं करून येतो."

"थांबा जरा," मी म्हटलं आणि माझ्या पिशवीतली बाटली उघडून भैरवीच्या ओठांशी नेली. तिनं दात घट्ट मिटले.

"नको. सू लागते."

मोहित हसला. "बघ, एका तासात शिकली!"

मला त्याच्या हसण्याचीच भीती वाटली. मी खाली वाकून भैरवीला उचललं. फ्रॉक मागून ओलागच्च होता. बाकाखाली छोटंसं थारोळं साचलं होतं, आणि तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं.

"आई," ती माझ्या मानेत तोंड खुपसून कुजबुजली, "मॅडमले नको सांगू."

"नाही सांगत बेटा."

"अन् बाबाले बी नको."

बाबा हातभर अंतरावर उभा होता.