अंजूचं नाव घेणारा भोंगा

मित्रांनो, जरा मान वर करा. देवळाच्या शिखराकडे नाही, त्याच्या शेजारच्या लोखंडी खांबाकडे. एका कडेला चेपलेला, रंग उडालेला, पोटात चिमण्यांचं घरटं सांभाळणारा करडा भोंगा दिसला? तोच मी. म्हातारा झालोय, पण आवाज अजून खणखणीत आहे. माझं सगळं दुःख त्या आवाजातच आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते ठाऊक नाही. पत्रा वळवला, ठोकला, रंग मारला, एवढंच आठवतं. मग जालन्याच्या एका दुकानात मी बरेच दिवस उलटा टांगलेला होतो. आष्टीच्या बाजूच्या या गावानं वर्गणी काढली आणि मला टेम्पोत घालून आणलं. त्याआधी सप्ताहासाठी भोंगा भाड्यानं आणावा लागायचा आणि मंडपवाला दरवर्षी ऐन वेळी रुसायचा. मला मारुतीच्या देवळासमोर चढवलं, नारळ फोडला आणि कुणीतरी माझ्यातून म्हणालं, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग." माझे पहिले शब्द हे. काही फार थोर नाहीत, पण गावानं टाळ्या वाजवल्या होत्या.

त्यानंतर मी काय काय बोललो म्हणून सांगू. पहाटेची काकड आरती, रेशनचा गहू आल्याची खबर, पोलिओचा डोस, हरवलेली शेळी, सापडलेली शेळी आणि त्याच शेळीवरून जुंपलेलं भांडण. कुणी गेलं तर माती किती वाजता, हेही मीच सांगायचो. विहिरीवरच्या बाया हातातला दोर धरून ऐकायच्या. रानातली माणसं औत थांबवायची. "भोंग्यावर सांगितलं का? मंग बराबर हाय," असं गाव म्हणायचं. एवढा माझ्यावर भरवसा.

पुढे मोबाईल आले. शेळी हरवली की तिचा फोटोच ग्रुपवर फिरू लागला. माझ्याकडे उरली काकड आरती, तीसुद्धा लाईट असली तर. चिमण्या राहायला आल्या. एका पोराच्या चेंडूनं मी चेपलो, त्याला कुणी रागावलंसुद्धा नाही.

मला पुन्हा चांगले दिवस आले ते दारूबंदीमुळे. गावातल्या चांगुणाबाईचा नवरा दारूनं गेला होता. तिनं बाया गोळा केल्या, दुकानापुढे ठाण मांडलं, शिव्या खाल्ल्या, मार खाल्ला आणि दुकान बंद पाडलं. खरं सांगतो, त्या दिवशी तिच्या आवाजात बोलताना माझा पत्रा थरथरत होता. मग समिती झाली आणि समितीचे अध्यक्ष झाले बद्रीनाथ. रान मोठं, आवाज मोठा, म्हणून अध्यक्ष. नियम असा ठरला की ज्याच्याजवळ बाटली सापडेल त्याला दंड, आणि त्याचं नाव तीनदा भोंग्यावर. दंडाचं कुणाला काही वाटायचं नाही. "दुप्पट घ्या भाऊ, पण भोंगा नको," असं म्हणत मोठमोठी माणसं देवळात हात जोडायची. गाव दारूला नव्हे, मला घाबरत होतं.

आखाड लागला तेव्हाची गोष्ट. आमच्या शिवेवर म्हसोबा आहे. आखाडात त्याला गावाच्या नावानं बोकड पडतो आणि दारूची धार सोडतात. पिढ्यान् पिढ्या ते काम रायभानच्या घराकडे. रायभान मेंढ्यावाला. बद्रीनाथांच्या पेरणी नसलेल्या रानात त्याच्या मेंढ्या खतासाठी बसायच्या. तो देवळात आला, तेव्हा बद्रीनाथ माईकसमोरच बसले होते. मशीन बंद होतं. माझा कान मात्र बंद होत नाही.

"बोकड माझ्याकडं हाय, भाऊ. पण धारंला दारूची चपटी लागती. तुमी तर बंदी करून बसले."

"देवाला कशाची बंदी? आष्टीहून आणा. फक्त बायांच्या कानावर घालू नका, ती चांगुणाबाई ऐकायची न्हाई."

"अन् फाट्यावर तुमचे पोरं पिशव्या तपासतेत, त्याचं काय?"

बद्रीनाथ हसले. "तुमची नात जाती ना आष्टीला शाळंत? पोरीच्या दप्तरात कोण पाहून राह्यलं?"

रायभानलाही ते पटलं. आमच्या गावात पोरीच्या दप्तरात खरंच कुणी पाहत नाही, अगदी तिनं काय लिहिलंय तेसुद्धा.

बाजारच्या दिवशी रायभाननं आष्टीत चपटी घेतली, कागदात गुंडाळली आणि शाळा सुटल्यावर नातीच्या हातात दिली. नातीचं नाव अंजू, यंदा दहावीला. "म्हसोबाची हाय, जपून ने," एवढंच तो बोलला. तिनं दप्तरात ठेवली. दरवर्षीचा गावचा नैवेद्य, त्यात तिला काय विचारायचं होतं?

पण फाट्यावर त्या दिवशी पप्पू उभा होता. समितीत नवा, अंगात नुसता उत्साह. पोरींची दप्तरं तपासायची नाहीत, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं चपटी काढली, हात उंच धरला आणि अंजूला तशीच देवळात आणली. मागून गर्दी. चांगुणाबाई आणि तिच्या बाया आधीच पायरीवर बसलेल्या.

बाटली कशासाठी आणलीय ते बद्रीनाथांनी ओळखलं. त्यांचा हात माझ्या कळीवर जरा थांबला. मला वाटलं, आता खरं बोलतील. त्यांनी घसा साफ केला आणि कळ दाबली.

"ग्रामस्थांना कळवण्यात येते की, रायभान यांची नात अंजू हिच्या दप्तरात दारू सापडली आहे. वय लहान आहे, वळण लागावे म्हणून दुप्पट दंड ठेवला आहे."

तीनदा. मित्रांनो, मला तोंड आहे, पण ते मिटता येत नाही. तिचं नाव विहिरीवर गेलं, फाट्यावर गेलं, शिवेपलीकडे बाजाराहून पायी परतणाऱ्या रायभानपर्यंत गेलं.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर एसटीत चढताना पोरी म्हणाल्या, "ए चपटी, सरक तिकडं." अंजूचे वडील करण जालन्याला एमआयडीसीत कामाला. फोन पोचताच ते मोटारसायकल घेऊन आले आणि माझ्या खाली पायरीवर बसले. "भोंग्यावर झालं म्हंजे झालं," ते बापाला म्हणाले. "मला चार सोयऱ्यांत तोंड दाखवायचंय. जोवर ह्याच भोंग्यावर उलटं सांगत न्हाईत, तोवर पोरगी शाळंत जायची न्हाई. बिलकुल न्हाई."

मग अंजूनं जे केलं ते या गावात आजवर कुणी केलं नव्हतं. तिनं निरोप पाठवला, 'मला दंड मान्य नाही, सभा घ्या.' सभा माझ्यासमोरच भरली.

"बाटली तुझ्या दप्तरात होती का न्हाई?" बद्रीनाथांनी विचारलं.

"होती."

"मंग झालं की."

"न्हाई झालं, काका. पोस्टमनच्या पिशवीत गावाची पत्रं असतेत. म्हून काय ती पत्रं त्याची होतेत?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. बद्रीनाथ हसले नाहीत. "लई बोलायला शिकली शाळंत जाऊन."

"त्याच्यासाठीच जात होते. आता आबाला विचारा, माझ्या दप्तरात ठेवायचं कुणी सुचवलं."

सगळ्या माना रायभानकडे वळल्या. त्यानं खांद्यावरचं घोंगडं एकदा या खांद्यावर घेतलं, एकदा त्या. समोर बसलेल्या माणसाच्या रानात त्याच्या मेंढ्या होत्या. "भाऊनंच सांगितलं," तो अखेर म्हणाला. "पोरीच्या दप्तरात कोण पाहून राह्यलं, म्हणले." त्याच संध्याकाळी त्याच्या मेंढ्या त्या रानातून उठल्या.

चांगुणाबाई उभी राहिली. "देवाच्या नावानं तुमी बंदी मोडली, अन् भोगायला लेकरू?"

"बरं, दंड माफ," बद्रीनाथ म्हणाले. "विषय संपला."

"न्हाई संपला," अंजू म्हणाली. "भोंग्यावर सांगा. तीनदा."

बद्रीनाथांनी तिच्याकडे बघितलंच नाही. ते चांगुणाबाईकडे वळले. "सांगतो की. अध्यक्षानंच आणायला लावली, हेबी सांगतो. उद्या एकेक जण म्हसोबाचं नाव घेऊन बाटली आणंल. चालंल का बाई तुमाला?"

मित्रांनो, चांगुणाबाई पोरीच्या बाजूनं बोलेल अशी मला खात्री होती.  पण ती खाली बसली आणि अंजूचा हात धरून म्हणाली, "दंड गेला ना बाई तुझा? लोक चार दिसांत इसरतील. माझ्या बायांनी मार खाऊन आणलेली बंदी हाय, बुडंल ती."

"अन् मी?" अंजूनं विचारलं.

 पप्पूनं तेवढा माईक पुढे केला, त्याचे कान लाल झाले होते. "तूच सांगून टाक ना मंग."

"मी सांगितलं तर ती सारवासारव. ज्यांनी नाव घेतलं त्यांनी सांगावं." तिनं हात जोडले, चपला घातल्या आणि गेली.

आखाड सरायच्या आत म्हसोबाला बोकड पडला. धारही सोडली. जप्त केलेलीच चपटी होती ती. रायभान गेला नाही, म्हणून बद्रीनाथांनी स्वतःच्या हातानं सोडली. मी इकडे काकड आरती म्हणत राहिलो, रेशन आल्याचं सांगत राहिलो. एके दिवशी मीच सांगितलं की दहावीच्या मुलांनी परीक्षेसाठी फोटो द्यावेत. अंजूचं घर माझ्या आवाजाच्या टप्प्यात आहे. तिनं ते ऐकलंच असेल. आष्टीची एसटी तिच्याशिवाय जाते.

माझ्यासारखे जुने भोंगे शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला पुसा, रंग द्या, चेंडू मारू नका. मला रंग नको. मारा चेंडू हवे तितके. तुमच्याही गावात कुठल्यातरी खांबावर माझा एखादा भाऊ असेल, त्याच्यातून कुणाचं नाव घेण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा. आणि नाव चुकून घेतलं गेलं, तर ते परत घ्यायलाही तेवढ्याच मोठ्यानं या.

आमच्या गावात सभेला बसलेल्या प्रत्येकाला खरं काय ते ठाऊक आहे. ते सगळे रोज मारुतीला येतात, घंटा वाजवतात आणि माझ्या कळीला खांदा घासून बाहेर पडतात. दाराच्या डाव्या अंगाला आहे ती, लेकराचाही हात पुरेल इतकी खाली. देवळाला कुलूप नसतं.