बत्तिसावा ख्वान

आमच्या घरातल्या प्रत्येक खुर्चीच्या बुडाला सरकारी नंबर होता. पलंगाला, कपाटाला, अगदी भाताच्या कुकरलाही. बाबा फिलिपिन्सच्या दूतावासात, त्यामुळे जिथे त्यांची बदली तिथे आम्ही, आणि निघताना सगळं पुढच्या कुटुंबासाठी जागच्या जागी ठेवायचं. आईच्या तोंडी 'घर' हा शब्द फक्त फिलिपिन्समधल्या तिच्या गावासाठी, इलोइलोसाठी राखीव होता. तिथे मी आयुष्यात दोनदा गेले होते, आणि दोन्ही वेळा मावसभावंडांनी माझ्या बोलण्याची टर उडवली होती.

माझं घर लाओसमधल्या विएन्शानमध्ये होतं, आमच्या कुंपणापलीकडे, माझ्या मैत्रिणीच्या, केओच्या अंगणात. सहाव्या वर्षी जकार्ताहून रडत आले ती तिथेच रमले. चिकट भाताचा गोळा मिरचीच्या चटणीत बुडवून खायला तिथेच शिकले, आणि भांडायलाही तिथेच. आमच्या फाटकाच्या आत भांडायची सोय नव्हती. "निंग, आपण देशाची माणसं आहोत," असं आई बजावायची, जशी काही बाकीची आभाळातून पडली होती. केओच्या अंगणात मी कुणाच्याच देशाची नव्हते. नुसती निंग होते.

त्याच अंगणातल्या पेरूवरून मी आठव्या वर्षी पडले. मोडलेला हात डॉक्टरांनी बसवला, पण नंतर मी जेवेना, झोपेत दचकू लागले. केओचे आजोबा म्हणाले, "हिचा एक ख्वान झाडावरच राहिलाय." माणसाच्या अंगात बत्तीस ख्वान, म्हणजे जीव राखणारे आत्मे, असतात. भीतीनं एखादा निसटला की माणूस सुकत जातो. आजोबांनी झाडाखाली भात आणि उकडलेलं अंडं ठेवून त्याला हाक मारली, माझ्या मनगटाला पांढरा दोरा बांधला, आणि त्या संध्याकाळी मी केओच्या वाटणीचंही जेवले.

म्हणून मी अकरा वर्षांची असताना बाबांची अंकाराला बदली झाली तेव्हा मला उपाय ठाऊक होता. लाओसमध्ये दूर जाणाऱ्याचे सगळे ख्वान बोलावून, दोरे बांधूनच त्याला निरोप देतात. मी आजोबांना आधीच गाठलं.

"आजोबा, माझे एकतीसच बोलवा. पेरूवरचा राहू दे."

ते खांबांवर उभ्या घराखालच्या सावलीत टोपली विणत होते. मान वर न करता म्हणाले, "का गं? ख्वान म्हणजे काय मांजराचं पिल्लू आहे, शेजाऱ्यांकडे सोडून जायला?"

"एक इथे असला की मला परत यावंच लागेल ना!"

"आणि तोवर? तो इथे झुरणार, तू तिथे झुरणार. पोरी, अर्धं माणूस पाठवणं माझ्याच्यानं होणार नाही."

म्हातारा हट्टी, तर मी सवाई हट्टी. मंत्र आजोबा म्हणतात, पण "ये रे ख्वान, ये!" ही हाक सगळ्यांनी मिळून द्यायची असते. मी केओला पकडलं.

"तू हाक मारायची नाहीस. पेरू तुमचा आहे. तू बोलावलं नाहीस तर तो हलणार नाही."

"आजोबा कान उपटतील माझा."

"उपटू देत. दोन आहेत तुला. घे शपथ."

केओनं पेरूच्या खोडावर हात ठेवून शपथ घेतली.

निरोपाच्या सकाळी केळीच्या पानांचा उंच शंकू झेंडूंनी भरला होता. बाबा सुटाबुटात चटईवर बसले होते आणि त्यांची मांडी काही केल्या जमत नव्हती. आई पर्स मांडीवर घेऊन बसली होती. आजोबांनी माझ्या तळहातावर अंडं ठेवलं आणि ख्वानांना बोलवायला सुरुवात केली. नदीवरून या, रानातून या, झाडावरून या. "ये रे ख्वान, ये!" सगळं अंगण ओरडलं. बाबासुद्धा, मोडक्यातोडक्या लाओ भाषेत. केओ तेवढी ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत होती.

दोरा बांधताना तिनं गाठ दोनदा आवळली. माझ्या कानाशी लागून ती म्हणाली, "राहिला."

मला इतका आनंद झाला की अंडं हातातून पडता पडता वाचलं. गाव सोडताना न रडायची ती माझी पहिलीच वेळ.

अंकारात नव्या खुर्च्या, नवे नंबर. तिसऱ्या आठवड्यात मला ताप भरला, तो हटेना. रक्त तपासलं, छाती तपासली, सगळं ठीक. घास तोंडात फिरायचा. मनगटावरचे दोरे मळून पिवळे पडले होते, तरी मी ते काढू दिले नाहीत. खरं सांगायचं तर मला त्या तापाचा राग नव्हता. अंग इथे तापत होतं, आणि मी तिकडे पेरूवर बसले होते. तिथून मला केओची आजी कोंबड्यांना शिव्या घालताना ऐकू यायची.

मला बरं वाटावं म्हणून बाबांनी रविवारी सकाळी केओच्या घरी फोन लावला, आणि माझ्या दुखण्याचं सगळं सांगून मग माझ्या हातात दिला.

"निंग, तू काही खात नाहीस?"

"खाते की."

"खोटारडी! तुझे बाबा रडवेले झालेत." मग तिनं आवाज खाली आणला. "मी आजोबांना सगळं सांगितलं होतं. उपटलाच त्यांनी कान."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तू ठेवून घेतलास, तर तूच पाठव. मी म्हटलं, बघू, तिला काही होत नाहीये. आता होतंय." तिनं नाक ओढलं. "थांब. फोन ठेवू नकोस."

चपलांचा आवाज आला, कोंबड्या कलकलल्या. मग केओची हाक.

"जा रे ख्वान, जा! निंगकडे जा!"

"केओ, नको!" मी पलंगावर उठून बसले. "राहू दे त्याला! केओ, शपथ घेतलीस तू!"

तिला ऐकू आलं नाही, की तिनं ऐकलं नाही, कोण जाणे. फांद्या गदागदा हलल्या, पेरू धपाधप खाली पडले. "जा म्हणते ना! इथे तुझं कुणी नाही!" तिचा आवाज चिरकला. "जा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा ताप उतरला आणि मला कडकडून भूक लागली. आईनं डॉक्टरांचे गुण गात भात टाकला. बाबा शीळ घालत ऑफिसला गेले.

मी ताट चाटूनपुसून संपवलं, शेवटच्या घासापर्यंत रडत. आता विएन्शानमध्ये माझं काहीच उरलं नव्हतं.