जिन्याखालचं गाव

ती या घरात दुसरेपणावर आली, तेव्हा सात वर्षांच्या सावत्र लेकीनं तिला आपणहून एकच गोष्ट दाखवली होती. जिन्याखालचं गाव. बरण्यांच्या झाकणांची घरं, खड्यांची माणसं, जुन्या टॉवेलचा डोंगर आणि वाळक्या शेंगांच्या होड्या. काल जिथं दवाखाना होता तिथं आज बाजार भरायचा. "जपून हं मावशी, तिथं नदी आहे," पोर बजावायची. मग तीही शिवणकाम सोडून उठायची आणि कोरड्या फरशीवरची नदी उडी मारून ओलांडायची.

पुढे नणंद चार दिवस राहायला येणार असं ठरलं. बाई नुसत्या नजरेनं धूळ शोधणारी. पहिलीच्या हाताखाली घर कसं लख्ख असायचं, हे तिनं लग्नातच दोनदा ऐकवलं होतं. हिनं सकाळपासून घर धुवायला काढलं. जिन्याखाली वाकली तेव्हा दुपार टळत आली होती आणि पाठीचा पार काटा ढिला झाला होता. त्या वेळी तिला गाव दिसलंच नाही, दिसला तो पसारा. तिनं सगळा गोळा केला आणि कचऱ्याच्या गाडीत टाकला.

शाळेतून आलेली पोर दप्तर पाठीवर घेऊनच जिन्याखाली वाकली.

"मावशी, इथलं सगळं?"

"अगं, आत्या यायची ना... माझ्या हातून गेलं बघ कचऱ्यात."

पोर रडली असती तर जवळ तरी घेता आलं असतं. तिनं फक्त विचारलं, "टॉवेलपण?"

"हो."

"तो आईचा होता."

नणंद आली, घराची तारीफ करून गेली. ती तारीफ काही हिच्या घशाखाली उतरली नाही. आठवडाभर हिनं खपून गोळा केलं: रिकामी रिळं, बटणं, रंगीत चिंध्या, बागेतल्या शेंगा. सगळं धुऊन-पुसून खोक्यात रचलं आणि पोरीपुढे ठेवलं.

"छान आहे," पोर म्हणाली. मग जराशानं, "याचं काय करायचं?"

"हे बघ, ही आपली बोट. चालली पाण्यातून."

पोरीनं तिच्या हाताकडे नीट पाहिलं. "ते रीळ आहे, मावशी." आवाजात राग नव्हता, समजूत घातल्याचा सूर होता. तिनं खोक्याचं झाकण लावलं आणि ते भिंतीला अगदी सरळ लावून ठेवलं.

त्यानंतर ती शाळेतून आली की ताटं पुसायची, दोरीवरचे कपडे काढून घड्या घालायची. कोपऱ्याला कोपरा जुळवून.

"पाहिलंस?" नवरा एका संध्याकाळी कौतुकानं म्हणाला. "तुझ्या हाताखाली किती शहाणी झाली!"

"अहो, सात वर्षांची आहे ती," ती म्हणाली.

"तेच तर म्हणतोय मी," म्हणत त्यानं वर्तमानपत्र उघडलं.